अम्माने रॅकेटी धुतल्या

बहरीनमधल्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या घरात बाहेरचा पुरुष मुक्कामाला राहिला तो एकदाच, आणि तोही असा की दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. अब्बा त्याला एका दुपारी क्लबच्या पिकअपमधून घेऊन आले. मागच्या हौद्यात त्याची लांबलचक बॅग, आणि पुढे अब्बांच्या शेजारी तो, गुडघे छातीला लावून बसलेला. अम्मा पडद्याआडून बघत होती. तिने काही विचारायच्या आत अब्बा म्हणाले, "चार दिसांचा पाव्हणा हाय. गच्चीवरच्या खोलीत राहील. टेनिस खेळतो." अम्मा म्हणाली, "आणि खातो काय?" तिच्या लेखी माणसाची ओळख पटायला एवढा एकच प्रश्न पुरायचा.

त्याचं नाव पावोल. देश स्लोव्हाकिया. तो देश तेव्हा इतका नवा होता की क्लबच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे जुन्या देशाचंच नाव लिहिलं होतं. तो रोज सकाळी जाऊन ते स्वतःच्या हाताने पुसायचा आणि खडूने नवीन लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा जुनंच लिहून ठेवायचं. दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की क्लबात परदेशी खेळाडूंची एक छोटी स्पर्धा व्हायची. छोटी म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानाने. आमच्या मानाने ती जगातली सगळ्यात मोठी होती. येणाऱ्या पोरांना हॉटेल परवडायचं नाही, म्हणून क्लबचे मेंबर लोक एकेकाला आपल्या घरी ठेवून घ्यायचे. अदलियाच्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांतून सोनेरी केसांची, विशीतली, हसरी पोरं वाटली गेली. हा पडला तिशीला टेकलेला, दाढी वाढलेला, विमान चुकल्यामुळे एक दिवस उशिरा पोचलेला. सगळ्यांची वाटणी झाली आणि हा बॅगेवर बसून राहिला. अब्बांना ते बघवलं नाही. ते तर क्लबचे मेंबरसुद्धा नव्हते, कोर्टांची देखभाल करणारे नोकर होते. पण पाहुणा असा उघड्यावर बसलेला बघून गप्प राहणं आमच्या खाडीकाठच्या माणसांना जमत नाही.

अब्बांचं काम दोन प्रकारचं. दिवसा कोर्टं झाडायची, धुवायची, जाळी ताणायची, रेषा रंगवायच्या. संध्याकाळी घरी बसून मेंबरांच्या रॅकेटींचं गटिंग करायचं, म्हणजे तुटलेल्या तारा काढून नव्या ओवायच्या. ते काम त्यांच्याकडे कसं आलं तेही सांगून टाकते. आमचं गाव रत्नागिरीजवळच्या खाडीवर, आणि आजोबांपर्यंत सगळी पिढी मासेमारीची जाळी विणणारी. अब्बा बहरीनला आले ते पायपांच्या कामावर. एकदा क्लबात पाण्याची लाईन दुरुस्त करायला गेले असताना कोर्टावरचं फाटलेलं जाळं त्यांना दिसलं, आणि हात शिवशिवले. कुणी न सांगता बसून शिवून टाकलं. मॅनेजरने गाठी बघितल्या आणि दुसऱ्या महिन्यात व्हिसा बदलून घेतला. क्लबचं जुनं, लोंबत्या वजनाचं गटिंगचं यंत्र तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी. उभ्या तारा अब्बा ओढायचे, आडव्या मी विणायचे. एक वरून, एक खालून, माझी बोटं बारीक म्हणून. बारा वर्षांची असताना मी पहिली रॅकेट एकटीने पुरी केली. अम्मा म्हणायची, पोरीला भाकरी गोल थापता येत नाय, पण ह्या काड्यांत दोरे घालता येतात, कोण करणार हिला पसंत. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, पुण्यात माझं स्वतःचं गटिंगचं दुकान आहे, आणि भाकरी अजूनही गोल येत नाही. पसंत करणाऱ्याने केलं, त्याचं तोच बघून घेतो.

पहिल्या रात्री अम्माने पावोलपुढे हामूर माशाचं कालवण, भात आणि तांदळाची भाकरी ठेवली. तो बराच वेळ बघत बसला. मग भाकरीचा तुकडा मोडून शेजारच्या वाटीतल्या जवळ्याच्या चटणीला नुसता टेकवला आणि तोंडात टाकला. सुका जवळा, लाल मिरची, कांदा, कोकम. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, आणि त्याने दुसरा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी तो पहिली मॅच जिंकला. झालं. हे टेनिसवाले म्हणजे आपल्या बायकांपेक्षा शकुन पाळणारे. जिंकण्याआधी जे खाल्लं तेच रोज खायचं, जो मोजा आधी घातला तोच आधी घालायचा. दर मॅचच्या आदल्या संध्याकाळी भाकरी आणि जवळ्याची चटणी. अम्माला आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग अभिमान वाटायला लागला. नईमच्या गल्लीतल्या बायकांना ती सांगायची, "माझ्या चटणीवर खेळतो तो."

त्याचं इंग्रजी मोडकं, अब्बांचं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. मधे मधे अब्बा यल्ला आणि खलास असे अरबी शब्द टाकायचे, तोही शिकला. जेवण झालं की दोघं पायरीवर बसायचे, मी भांडी घासता घासता ऐकायचे. त्याची सगळी गोष्ट तशी तुकड्यातुकड्यांनी कळली. पाच वर्षांचा असताना सिमेंटच्या कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारत शिकला. शाळेतून उचलून सरकारी क्रीडाशाळेत नेला. अठराव्या वर्षी त्याच्या देशातल्या सगळ्यांना वाटत होतं की हा पोरगा नाव काढणार. मग सव्विसाव्या वर्षी खांदा गेला. दोन वर्षं हात वर होईना. हात वर झाला तोवर देशाचे दोन तुकडे झाले होते आणि त्याला पाठवायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. तेव्हापासून तो एकटा बॅग घेऊन गावोगाव अशा छोट्या स्पर्धा खेळत हिंडत होता, आणि त्यातली एकही पुरती जिंकला नव्हता. आई कंटाळली. गावच्या लाकडाच्या कारखान्यात तिने त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली, सोमवारपासून यायला सांगितलं होतं. त्याने तिला शब्द दिला होता की ही स्पर्धा जिंकली तर पुढे खेळेन, नाहीतर रॅकेट माळ्यावर ठेवीन. फायनलपर्यंत जाऊन भागणार नव्हतं. जिंकायलाच हवं होतं. अब्बांनी विचारलं, "यू लाइक वुड?" तो म्हणाला, "वुड इज गुड. बट वुड इज नॉट मूव्हिंग." हे ऐकून मला का कुणास ठाऊक, रडायला आलं होतं.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि माझ्या जिभेला भलताच ऊत आला होता. बुधवारी दुपारी अम्मा तांदूळ निवडत होती आणि मी अब्बांनी तपासायला आणलेल्या पावोलच्या चार रॅकेटी बघत होते. अब्बांकडे येणाऱ्या रॅकेटींना नायलॉन असायचं. ह्याच्या तारा वेगळ्या होत्या, पिवळसर, किंचित पारदर्शक, बोटाला मऊ लागणाऱ्या. "अम्मा, ह्या आतड्याच्या आहेत," मी म्हणाले. अम्माचा हात थांबला. "आतड्याच्या? कसल्या आतड्याच्या?" "जनावराच्या." "कसल्या जनावराच्या?" मला माहीत होतं. अब्बांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की गाईच्या आतड्यापासून करतात. पण अम्माचा चेहरा असा झाला होता की मला राहवलं नाही. मी खांदे उडवून म्हणाले, "मना काय म्हायत? तिकडचं कसलं पण असेल. डुकराचं पण असेल." तिने सुपातला खडा बाजूला काढला आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. अम्मा गप्प बसली की घाबरायचं, हे मला जन्मापासून माहीत असायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी पावोल सेमीफायनल जिंकला. घरी येऊन आंघोळ केली आणि अब्बांबरोबर समुद्रावर गेला, खाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसायला. रॅकेटी बैठकीच्या खोलीत, अम्माच्या नमाजाच्या मुसल्याच्या खुंटीखाली, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी झिंज भागात मैत्रिणीकडे गेले होते. घरात अम्मा एकटी. माणूस चांगला, पोटभर खाऊ घालण्यासारखा, त्याला काय म्हणणार. पण नमाजाच्या खोलीत ती वस्तू अशी कशी ठेवायची? बाहेर फेकायची तर पाहुण्याचा उद्या सामना. अम्माने तिला सुचला तो मधला रस्ता काढला. चारही रॅकेटी मोरीत नेल्या, साबण लावला, घासल्या, तीन तीन पाण्यांतून काढल्या, आणि गच्चीवर कडक उन्हात दोरीला चिमटे लावून वाळत घातल्या.

मी दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या सुमाराला परत आले तेव्हा अब्बा आणि पावोल गच्चीच्या दारात उभे होते. पुढे दोरीवर अब्बांच्या दोन लुंग्या, माझी एक सलवार, आणि मधोमध चार रॅकेटी वाऱ्यावर हलत होत्या. आतड्याच्या तारेचा पाण्याशी उभा दावा. पाण्याने ती फुगते, सुटते, आणि मग उन्हात आखडते. पावोल पुढे गेला, एका रॅकेटीवर नुसता अंगठा फिरवला, आणि मधली तार ठण्णकन तुटली. दुसरीच्या दोन तारा आधीच तुटून लोंबत होत्या. बाकीच्यांचे धागे असे पिंजारले होते की बघवत नव्हतं. अम्मा मागून आली आणि आनंदाने म्हणाली, "आता स्वच्छ झाल्या." मग लोंबत्या तारा दिसल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काहीतरी बिनसलं आहे.

अब्बांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अगो, तुला कुणी सांगितला ह्या धुवायला?" अम्माने माझ्याकडे बघितलं. नुसतं एकदा. मग अब्बांना म्हणाली, "कुणी नाय. मनाच वाटला, धुळीने माखल्यात." एवढं आयुष्य गेलं, पण त्या एका वाक्याइतकी शरम मला कधी वाटलेली नाही. ती ओरडली असती, माझ्या पाठीत धपाटा घातला असता तर बरं झालं असतं. मी पावोलसमोर गेले आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, की मी आईशी खोटं बोलले, मला माहीत होतं गाय आहे, मी डुक्कर म्हणाले, गंमत म्हणून. त्याने ते ऐकलं. मग चिमटे एकेक काढून परत दोरीला लावले, रॅकेटी काखेत घेतल्या आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अम्माने भाकरी आणि चटणी नेऊन दारात ठेवली. मगरीब झाली, दिवे लागले, ताट तसंच होतं. मी पायरीवर बसून रडले. अब्बा शेजारी येऊन बसले, म्हणाले, "रडून तारा जुळत नाय गो."

अदलियातल्या दुकानात तशी आतड्याची तार मिळायची, पण दुकानदार गुरुवारी दुपारीच पूल ओलांडून सौदीला नातेवाइकांकडे गेला होता आणि शुक्रवारी दुकान बंद. घरात होता तो मेंबरांसाठीचा नायलॉनचा रीळ. अब्बा म्हणाले, सकाळी करायचं, रात्री ओढलेलं नायलॉन सकाळपर्यंत सैल पडतं. आणि त्यांना तर पहाटेच्या फजरनंतर लगेच क्लबात जायचं होतं, फायनलचं कोर्ट तयार करायला. जाताना मला हाक मारून म्हणाले, "चारही तू करायच्यास. आणि ऐक. तो पंचवीस किलो सांगेल. तू दीड किलो जास्त ओढ. दुपारी तीन वाजता कोर्ट तापतं तेव्हा नायलॉन तेवढं सोडतं. यंत्रावर विश्वास ठेवू नको, कानाने बघ."

मी यंत्र दारासमोर उजेडात ओढलं. पहिल्या रॅकेटीच्या जुन्या तारा कापत असताना पावोल खाली आला आणि जमिनीवर माझ्यासमोर बसला. रात्रभर झोपला नसावा. उभी तार ओवायची, वजन सोडायचं, दांडी आडवी होईपर्यंत थांबायचं, पकड लावायची, आणि नखाने तार छेडून ऐकायचं. अब्बांची तीच पद्धत. खाडीवर जाळ्याची दोरी ओढली की आजोबा तशीच छेडून बघायचे म्हणे, ओली दोरी किती सोडणार ते आवाजावरून कळतं. तिसऱ्या तारेला पावोलने ऐकलं आणि मान हलवली. "टू हार्ड," तो म्हणाला. "ट्वेंटी फाइव्ह." मी म्हणाले, नाही, साडेसव्वीस. त्याने पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. मी त्याचं सगळं वाटोळं केलेली पोरगी, त्याच्यासमोर हट्टाला पेटायचा मला काय हक्क होता? पण हात मागे घेता येईना. मी म्हणाले, "नाऊ हार्ड. थ्री ओक्लॉक, गुड. माय फादर नोज." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, लहानपणी त्याच्या गावात आतडं कोण देणार होतं, तो नायलॉनवरच शिकला. आणि भिंतीला टेकून बसला. दुसरी रॅकेट अर्धी झाली तेव्हा त्याला भूक लागली. अम्माने सकाळी नऊ वाजता भाकरी थापली आणि जवळ्याची चटणी ताजी केली. तो खात असताना ती समोर उभी होती, पदराने त्याच्यावरची माशी वारत. त्याने तिला म्हटलं, "गुड, अम्मा." मी तोंड फिरवून आडव्या तारा विणल्या. बोटांची सालटं निघाली होती. दुपारी जुम्म्याची बांग झाली तेव्हा चौथीची शेवटची गाठ मारली.

अम्मा क्लबात कधी पाऊल टाकायची नाही. त्या दिवशी तिने स्वतःहून ओढणी घेतली. आम्ही दोघी पाण्याच्या कूलरशेजारी सावलीत बसलो, मेंबरांच्या खुर्च्यांच्या मागे. समोरचा खेळाडू वीस वर्षांचा फ्रेंच पोरगा, सर्व्हिस अशी की चेंडू दिसायच्या आत मागच्या पडद्यावर आपटायचा. पहिला सेट अर्ध्या तासात त्याचा. पावोलचे चेंडू जाळीत जात होते, किंवा इतके आखूड पडत होते की तो पोरगा आरामात येऊन मारत होता. तारा कडक होत्या. मला दिसत होतं, माझ्याशिवाय आणि अब्बांशिवाय तिथे कुणाला दिसत नव्हतं. सेट बदलताना पावोल खुर्चीत बसला आणि त्याने आमच्या दिशेने बघितलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अम्मा म्हणाली, "हरतोय काय गो?" मी म्हणाले, "अजून नाही." सोमवारचा तो लाकडाचा कारखाना मला डोळ्यांसमोर दिसत होता.

दुसऱ्या सेटच्या मध्याला केव्हातरी ते झालं. कोर्टावरून वाफा निघत होत्या. पावोलने एक बॅकहँड रेषेला समांतर मारला आणि त्याचा आवाज बदललेला मी ऐकला. आधी टकटक होतं, आता भरलेला, खोल. नायलॉनने दीड किलो सोडलं होतं. त्यानेही ऐकलं असणार, कारण पुढचा चेंडू टाकायच्या आधी त्याने रॅकेट कानाशी नेऊन नखाने छेडली आणि एकटाच हसला. तिकडे त्या पोराच्या तारा कुठल्या थंड गावात ओढलेल्या, आमच्या उन्हात त्या ढिल्या पडल्या आणि त्याचे चेंडू रेषेबाहेर उडायला लागले. हातभर, मग दोन हात. तो रॅकेटींवर रॅकेटी बदलत होता, सगळ्या तशाच. पावोलने दुसरा सेट घेतला. तिसऱ्यात तर काय सांगू, तो तिशीचा, दुखऱ्या खांद्याचा माणूस असा धावत होता की कूलरपाशी पाणी भरायला आलेले ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकी सगळे तिथेच उभे राहिले. कुणी मल्याळी, कुणी बंगाली, आणि सगळ्यांना तो आपलाच वाटत होता. शेवटच्या पॉइंटला त्याने सर्व्हिस केली, जाळीपाशी आला आणि आलेला चेंडू नुसता तारांवर झेलून पलीकडे ठेवला. इतका हलका, की तो दोन टप्पे खाऊन थांबेपर्यंत कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मग सगळा क्लब उठला. अब्बा हातातली झाडू तशीच धरून कोर्टाच्या दारात उभे होते. आमच्या घरात त्याआधी कुणी काही जिंकलं नव्हतं. मी अम्माला मिठी मारली आणि इतक्या मोठ्याने ओरडले की मेंबर बायका वळून बघायला लागल्या. बघू देत.

पावोल त्यानंतर सहा वर्षं खेळला. खऱ्या मोठ्या स्पर्धांत खेळला. एकदा हिरवळीवर खेळताना टीव्हीवर दोन मिनिटं दिसला, तेव्हा अम्माने पडद्याला हात लावला. ह्या सगळ्याची कात्रणं माझ्याकडे आहेत, आणि दुकानात येणाऱ्या पोरांना मी ती बळंच दाखवते. पण मला विचाराल तर त्याची खरी कारकीर्द त्या शुक्रवारी संध्याकाळी क्लबच्या ऑफिसात ठरली. कप घेतल्यावर तो आमच्याकडेच आला, माझी सालटं निघालेली बोटं हातात घेऊन बघितली, आणि म्हणाला, "फोन." मॅनेजरने लाईन लावून दिली. पावोल खूप वेळ बोलला. आधी भरभर, मग हळू, मग नुसतं ऐकत राहिला. पलीकडून एका बाईचा आवाज येत होता, वाढत चाललेला. शब्द कळत नव्हते, पण नोकरीसाठी कुणाकुणाच्या पाया पडले, आता त्यांना काय तोंड दाखवू, असं कुठल्याही भाषेतली आई जसं बोलेल तसं ते होतं. पावोल हरल्यासारखा दिसायला लागला. अम्मा इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून रिसिव्हर घेतला.

"हे बघ बाय," अम्मा आपल्या रत्नागिरीच्या बोलीत म्हणाली, हळू आणि ठासून, जसं ती गल्लीतल्या बायकांशी बोलायची. "तुझा पोर आज जिंकला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. त्याला सोमवारी कामावर धाडू नको. आठ दिस मी त्याला जेवू घातलाय, माझापण थोडा हक हाय. त्याला खेळू दे." मग ती बाई बोलायला लागली, तिच्या भाषेत, आणि तिला रडू फुटलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. अम्मा शेवटपर्यंत ऐकत होती, मधे मधे मान डोलवत होती. मग तिने रिसिव्हर पावोलच्या हातात परत दिला आणि ओढणीने डोळे पुसले.

"हो म्हणाली," अम्मा म्हणाली.